कथा आवडली, पण का? लेखकाची कारागिरी कशी ओळखावी

‘लेखकाची भाषा ओघवती आहे, व्यक्तिचित्रण जिवंत आहे.’ बी.ए.ला असताना गाइडातली ही वाक्यं मी चार वेगवेगळ्या लेखकांच्या उत्तरांत उतरवली आणि चारही वेळा मार्क मिळाले. चारही ठिकाणी खपली, म्हणजे ती कुणाबद्दलच काही सांगत नव्हती. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

लेखकाने गोष्ट कशी घडवली हे बघायला मला एकच युक्ती कामी आली आहे. मजकुरातली एखादी गोष्ट मनातल्या मनात बदलायची आणि काय मोडतं ते बघायचं.

आधी कथा सरळ वाचून काढा. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि पहिल्यांदा जिथे थबकला होतात, तेवढ्याच जागी खूण करा.

मग सांगणारा बदला. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) ही कादंबरी घ्या. गोष्ट गंगाराम शिंप्याची, पण सांगते त्याची बायको पारबती, तीही गावच्या बोलीत. त्यातला एक प्रसंग गंगारामच्या तोंडी घालून बघा. त्याचं गाऱ्हाणं होतं, नाहीतर बढाई. पारबती नवऱ्याच्या अगदी जवळ आहे, पण त्याला आवरणं तिच्या हातात नाही. वाचताना आपलीही तीच गत होते. आता सांगणारी पारबतीच ठेवा आणि बोलीच्या जागी प्रमाण मराठी घाला. घरातली बाई जीव मोकळा करते आहे असं वाटत नाही. कुणीतरी तिचा जबाब नोंदवून घेतल्यासारखं वाटतं.

बोलीच्या बाबतीत आपण मराठवाड्यातल्या वाचकांनी जरा सावध राहावं. ‘कामून’, ‘लई’, ‘करायलाव’ दिसलं की गावाकडचं माणूस भेटल्यासारखं होतं. तो आनंद खरा आहे, पण त्यात लेखकाची कमाई किती, हे वेगळं मोजावं लागतं. बोलीतला शब्द काढून बघा. काहीच उणं झालं नाही, तर ती वरून भुरभुरलेली कोथिंबीर होती.

शीर्षकाकडे गोष्ट संपल्यावर पुन्हा या. भास्कर चंदनशिव यांच्या कथेचं नाव ‘लाल चिखल’. आपल्याकडे जमीन काळी, चिखलही काळाच. मग हा लाल कुठला? टोमॅटोचा भाव पडतो आणि भर बाजारात शेतकरी आपलाच माल पायाखाली तुडवतो, तेव्हा उत्तर मिळतं. ‘टोमॅटोचा भाव’ असं नाव दिलं असतं तर विषय कळला असता, पण तो रंग डोळ्यांपुढे रेंगाळला नसता.

वाक्यांची तपासणी मात्र हाताने लिहूनच करा. हे माझंच घरगुती उदाहरण (मोंढा म्हणजे शेतमालाचा बाजार): ‘बाप मोंढ्यातून परतला. त्याला फार दुःख झालं होतं.’ आणि दुसरं: ‘बाप मोंढ्यातून आला. रिकामं पोतं घडी करून खुंटीला अडकवलं. पाणी मागितलं नाही.’ दुसऱ्यात दुःख हा शब्द नाही, पण न मागितलेलं पाणी आहे. आवडत्या लेखकाचा उतारा घेऊन त्यातली भावनांची नावं मोजा. फार निघाली, तर लेखकाचा आपल्या प्रसंगावर भरवसा नव्हता असं मी समजतो. अपवाद असतात.

शेवटी मूल्यमापन. इथे विषयाला मार्क देऊ नका. दुष्काळावर लिहिलं म्हणून कथा चांगली होत नाही, आणि हे आपल्या भागात बोलायला जड जातं. लेखकाने निवडलेलं साधन त्या गोष्टीला पेललं का, आणि कुठे कमी पडलं, एवढंच लिहा. ‘शेवट ओढून आणलाय’ असं वाटलं तर कोणत्या पानापासून, तो आकडा समासात टाका. वाचनालयात कुणी वाद घातला, की तेच पान उघडून समोर ठेवता येतं.