बसमध्ये जपमाळेचं एकच रहस्य

कॅथलिकांच्या पूर्ण जपमाळेला, म्हणजे पाच रहस्यांच्या रोझरीला, वीसेक मिनिटं लागतात. कामाच्या दिवशी तेवढी सलग मिळत नाहीत, म्हणून अनेकांची ती सुटूनच जाते. मी खानापूरहून बेळगावला येताना बसमध्ये एकच रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या एका प्रसंगावरचा जपमाळेचा एक भाग, म्हणतो: एकदा ‘आमच्या स्वर्गातील बापा’, दहा वेळा ‘नमो मरिया’, शेवटी ‘पित्याला गौरव’. माळ खिशातच असते, अंगठ्याखाली एकेक मणी सरकतो. मन भरकटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका, आहात तिथूनच पुढे म्हणा. प्रत्येक मण्याला एक माणूस द्या: आजारी शेजारीण, परीक्षेला बसलेली मुलगी, वाटणीवरून अबोला धरलेला भाऊ. भावाचा मणी फार जड जातो, पण तो चुकवू नका. उरलेली चार रहस्यं रात्री घरच्यांबरोबर, मेणबत्ती लावून.