फोटोग्राफरनो, ब्लॉग स्वतःच लिहा

पुण्यात लग्नाचे, प्री-वेडिंगचे फोटो काढत असाल तर वेबसाइटवरचा ब्लॉग दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. ‘आम्ही तुमचे सुंदर क्षण टिपतो’ हे कुणीही लिहून देईल. पण पर्वतीवर डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास, म्हणून नऊवारीतल्या नवरीला पायऱ्या चढायला किती आधी बोलवायचं, हे तुम्हालाच ठाऊक असतं. गिऱ्हाईक नेमकं तेच शोधत येतं.

लिहायला बसणं जमत नाही? शूट आटोपल्यावर, गाडी सुरू करण्याआधी, फोनवर दोन मिनिटं बोलून ठेवा: उजेड कसा होता, कुठे अडलं, आजी कशावर खळखळून हसल्या. मराठी व्हॉइस टायपिंग ते उतरवून देतं. शुद्धलेखन मात्र जाणकाराकडून तपासून घ्या, त्यात कमीपणा नाही.

फोटोच्या फाइलला ‘डीएससी_4521’ऐवजी ठिकाणाचं नाव द्या, फोटो कशाचा आहे हे गूगलला कळायला त्याने मदत होते. आणि जोडप्याला विचारल्याशिवाय त्यांचं नाव-गाव अजिबात टाकू नका. महिन्याला एक लेख झाला तरी पुरे.