वायनरीत जेवायचे ठरवण्यापूर्वी
प्रवासात वायनरीला भेट देताना वाइनची चाखणी आणि जेवण यांचे एकत्रित पॅकेज आधीच आरक्षित करू नये. प्रथम केवळ चाखणी घ्यावी, कारण द्राक्षमळ्याच्या देखाव्याची किंमत बहुधा जेवणाच्या बिलातच वसूल केली जाते. किती प्रकारच्या वाइन मिळतील, प्रत्येक वाइन किती मिलिलिटर (३० ते ५० पुरेसे असते) आणि बाटली विकत घेतल्यास चाखणीचे शुल्क वजा होते का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. बाटली केव्हा उघडली, हेही निःसंकोच विचारावे, यजमानाच्या कपाळाला आठी पडली तरी: उघडून बरेच दिवस झालेल्या वाइनचा फळांचा गंध मावळतो, रंग तपकिरीकडे झुकतो आणि चवीला व्हिनेगरची छटा येते. तशी शंका येताच, पेला न संपवता, नवी बाटली उघडण्यास सांगावे.