चौदा पोरं, पाच संघ: क्रीडा प्रभार घेणाऱ्यासाठी

सर, आपल्या इंदूरच्या कॉलेजात क्रीडा अधिकारी नाही, क्रीडा प्रभार आहे. तो कुणाच्या तरी गळ्यात पडतो. अकरा वर्षं माझ्या गळ्यात होता, आणि शिकवते मी वाणिज्य. जुलैपासून तो तुमच्याकडे येतोय म्हणून हे लिहून ठेवतेय. स्पोर्ट्सच्या कपाटाची किल्ली शिपाईकाकांकडे असते. खालचा कप्पा उघडताना दार जरा उचलून ओढा.

पहिलं काम ग्राउंडवरचं नाही. एक जाड रजिस्टर घ्या आणि त्यात खेळाची पानं न पाडता पोरांची पाडा. मी पहिली तीन वर्षं कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, टेबल टेनिस, ॲथलेटिक्स अशी पानं केली आणि प्रत्येक पानावर तीच ती नावं लिहीत बसले. नावं देणारे पन्नास असतात, ऑगस्टनंतर रोज येणारे चौदा उरतात. कबड्डीत रेड मारणारी पोरगीच खो-खोत पळते, चारशे मीटर धावते, आणि रिलेला चौथी मिळत नाही म्हणून तिथेही तीच. तिच्या पानावर लिहायचं: डावा गुडघा दुखतो, शेवटची बस सव्वासहाची, सकाळी आईबरोबर डबे पोचवते म्हणून साडेसातच्या आत येणार नाही. हे वाचूनच वेळापत्रक करा. विद्यापीठाचं वेळापत्रक आलं की तारखा याच पानांवर टाका, म्हणजे एकाच आठवड्यात कुणाला तीन स्पर्धा येतात ते लगेच दिसतं. तिन्हींपैकी एक खेळ तेव्हाच सोडायला लावायचा. पोरगी रडेल, रडू द्या.

कागदपत्रं जुलैतच गोळा करा. दहावीची मार्कशीट (जन्मतारीख तिच्यावरूनच धरतात), बारावीची मार्कशीट, चालू वर्षाच्या फीची पावती, नामांकन क्रमांक (विद्यापीठातला नोंदणी क्रमांक), आधार, आणि प्रत्येकी आठ फोटो. मूळ कागद पोरांकडेच राहू द्या, आपल्याकडे झेरॉक्सचे तीन संच. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी वय १ जुलैच्या हिशेबाने मोजतात आणि वरची मर्यादा २५ ची आहे, तेव्हा मध्ये दोन-तीन वर्षं शिक्षण सुटलेल्यांची तारीख आधी बघा. आणि नावं अक्षर न् अक्षर जुळवा. एका वर्षी आमच्या कॅप्टनचं नाव दहावीच्या मार्कशीटवर नुसतं पूजा होतं आणि नामांकनात पूजाबाई. पात्रता अर्ज भरताना मी ते पाहिलं होतं आणि ‘चालून जाईल’ म्हणून सोडून दिलं होतं. स्पर्धेत कागद तपासायच्या टेबलावरच्या माणसाने ते चालवलं नाही, आणि त्याची काही चूक नव्हती. कबड्डीला बारा न्यायच्या तिथे मी आठच नेल्या होत्या, कारण बाकीच्यांची त्या दिवशी टेस्ट. कॅप्टन बाहेर बसली, सातजणी खेळल्या. उत्तरार्धात एकीचा घोटा मुरगळला तेव्हा बाकावर पूजाच होती, पायात शूज बांधून.

त्या दिवसापासून मी नावातला फरक दिसला की त्याच आठवड्यात शपथपत्र करून घेते. पोरं म्हणतात, ‘मॅडम, हो जाएगा.’ होत नसतं.

आता कबड्डीच्या किटबद्दल, कारण आपलं नाव थोडंफार निघतं ते तिथेच. किटमध्ये सगळ्यात महत्त्वाची वस्तू नेलकटर. नखं वाढलेली असली तर पंच आत सोडत नाहीत, अंगाला तेल चालत नाही, अंगावर दागिना चालत नाही. मी नेलकटर शिट्टीच्याच दोरीला बांधून गळ्यात घालते. दागिन्यांसाठी घरातला जुना मिसळणाचा डबा ठेवलाय. त्याला सात वाट्या आहेत आणि मैदानातही सातच जणी. एकीची चमकी, एकीचे कानातले, लग्न झालेलीचं मंगळसूत्र, जिची तिची वाटी ठरलेली. डब्याला अजून हळदीचा वास येतो आणि सामना संपला की पोरी आधी त्याच्यावरच तुटून पडतात. जी चमकी निघतच नाही तिच्यासाठी आदल्या दिवशी सोनाराकडे पाठवा, सामन्याच्या सकाळी साबण लावून ओढत बसू नका. वजनाची मर्यादा खुल्या गटात मुलांना ८५ आणि मुलींना ७५ किलो आहे. आपली अडचण उलटी असते, त्यामुळे त्याची काळजी नको.

शूजची मात्र करा. आपलं ग्राउंड माळव्याच्या काळ्या मातीचं. पावसात ती पायाला किलोकिलोने चिकटते आणि ऑक्टोबरच्या उन्हात भेगाळते. जूनमध्येच वर मुरूम टाकून पाणी मारून दाबून घ्या, प्राचार्यांकडे अर्ज मेमध्ये द्या. पोरं या मातीवर अनवाणी खेळतात आणि स्पर्धा असते मॅटवर, शूज घालून. नवे शूज स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घातले की पहिल्या हाफात टाचेला फोड येतो आणि पाय वळवायची सवयच मोडते. निदान पंधरा दिवस आधी शूज हातात पडले पाहिजेत, मॅट नसली तरी जिमखान्याच्या फरशीवर घालून पळवा. मुलींच्या मैदानाची मापं १२ बाय ८ मीटर, मुलांची १३ बाय १०. आपल्या चुन्याच्या रेघा कुणीतरी कधीतरी पावलांनी मोजून मारल्यात, एकदा टेप लावून बघा.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रॅक्टिसची गाडी रुळावरून घसरणारच. २९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिवस असतो, त्या दिवशी बॅनर, फोटो आणि रस्सीखेच होते; होऊ द्या, पण रस्सीखेचीत रेडरला उतरवू नका. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (गाड्यांवरचे देखावे) बघायला सगळं शहर रस्त्यावर असतं. गिरण्या बंद पडून जमाना झाला, झांक्या चालूच आहेत. दुसऱ्या दिवशी मी प्रॅक्टिस ठेवतच नाही. मार्चमधल्या रंगपंचमीच्या गेरचं, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीचंही तसंच.

क्रिकेटचं काय, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दहाजण विचारतील. इंदूर आहे हे. १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंत होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी जिंकली, कर्नल सी. के. नायडू त्याच संघाचे, त्यामुळे प्रत्येक पालकाला कॉलेजात क्रिकेट हवंच असतं. माझं मत सांगते, मग तुम्हाला हवं ते करा. लेदर बॉल, दोघा सलामीवीरांचे पॅड, कीपरचं किट, विकेटचं भाडं, एवढ्यात आपलं वर्षाचं अर्धं बजेट जातं, आणि आधीच अकादमीत खेळणारी पोरंच टिकतात. मी क्रिकेटला शेवटचा नंबर दिला. प्राचार्य अजून त्याचा राग धरून आहेत.

टेबल टेनिसची आपल्याकडे दोन पोरं. अभय प्रशाल या इनडोअर स्टेडियमात जाऊन ती स्वतःच शिकतात, आपण फक्त ४० मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे बॉल आणि प्रवेश शुल्क द्यायचं. व्हॉलीबॉलच्या खांबावर मी रंगाने दोन खुणा केल्यात, २.४३ मीटर मुलांची आणि २.२४ मुलींची. नेट मधोमध खाली येतं, म्हणून उंची तिथेही मोजा.

बाहेरगावी जाण्याची तयारी वेगळी. धारकडे जायचं तर गंगवाल बस स्टँड, आणि मुली असतील तर बरोबर एक मॅडम असल्याशिवाय निघायचं नाही. पालकांचं संमतीपत्र सहीचं हवं, व्हॉट्सॲपवरचा अंगठा नको. निघण्याआधी यजमान कॉलेजात फोन करून दोनच प्रश्न विचारा: मुलींना कपडे बदलायला खोली कुठे, आणि तिथल्या बाथरूमला कडी आहे का? सॅनिटरी पॅड, सेफ्टी पिना आणि एक जादा काळा ट्रॅक पँट माझ्या पिशवीत कायम असतो. खाण्याचं म्हणाल तर सामन्याआधी दोन तास पोहे चालतात, शेव कमी, जिलेबी सामना झाल्यावर. पाणी घरचं. ओआरएसची पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, अंदाजाने मूठ टाकू नका.

प्रथमोपचाराच्या पेटीत क्रेप बँडेज चार ठेवा, बाकी सगळं कमी चालेल. मुरगळलं की बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, थेट कातडीवर नाही. सर्दी-खोकल्याची गोळी मात्र स्वतःहून देऊ नका. त्यातल्या काहींत स्यूडोएफेड्रिन असतं, स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणापलीकडे लघवीत सापडलं तर डोपिंग धरतात. विद्यापीठाच्या संघात एखादं पोरगं निवडलं गेलं की हे त्याच्या आईलाही सांगा, गोळी तीच देते.

बुडालेल्या तासांच्या हजेरीचं पत्र स्पर्धेहून परतल्याच्या दुसऱ्या सकाळी विभागप्रमुखांच्या हातात पडलं पाहिजे. आठवड्याने दिलं तर त्यांनी सही केली तरी पोराकडे बघायची नजर बदललेली असते, मी स्वतः विभागप्रमुख असताना माझी बदलायची.

मार्चनंतर परीक्षा, ग्राउंडवर कुणी फिरकत नाही. तेव्हा बॉलमधली थोडी हवा काढून ठेवा, नेट गुंडाळून वर टांगा (खाली उंदीर आहेत), जर्सी धुऊन मोजा. गेल्या खेपेला सात नंबरची परत आली नाही. ती पूजाकडे आहे. मागितली नाही मी, तुम्हीही मागू नका, नवी शिवून घ्या.