दात किती झिजले, हे दोन स्कॅनवरून कसं ओळखावं

ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि अजूनही काही घरांत सकाळची मिश्री. सोलापुरात दातांना काम पुरेपूर असतं, त्यामुळे ‘दात झिजलेत’ हे ऐकून कुणी फारसं दचकत नाही. पण झीज थांबलीय की वाढतेय, हे आरशात कळत नाही. त्यासाठी दोन वेळचे स्कॅन एकावर एक ठेवून पाहावे लागतात.

आधी आकडा समजून घ्या. दाढेच्या चावण्याच्या भागावरचं इनॅमल वर्षाला साधारण ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. तोंडात फिरवायच्या स्कॅनरची अख्ख्या जबड्यातली चूक याहून जास्त भरू शकते. म्हणून सहा महिन्यांत पुन्हा स्कॅन करून बहुधा मशिनची चूकच हाती लागेल. पित्त किंवा थंड पेयांमुळे झीज झपाट्याने होत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी वर्ष तरी जाऊ द्या. तारीख विसरायला नको म्हणून गड्ड्याची जत्रा धरा: संक्रांत उरकली की स्कॅन.

आता पद्धत निवडा. तोंडातला स्कॅनर सोयीचा. सिलिकॉनचं माप घेऊन, प्लास्टरचं मॉडेल ओतून ते टेबलावरच्या स्कॅनरखाली ठेवणं हा जुना मार्ग. तिथे स्कॅनर जास्त अचूक असतो, पण माप आणि प्लास्टर यांची स्वतःची चूक त्यात मिसळते. प्रयोगशाळेतला प्रोफिलोमीटर, म्हणजे पृष्ठभागाचे चढउतार मोजणारं यंत्र, याहून बारीक मोजतो, पण तोही मॉडेलवर किंवा काढलेल्या दातावरच. झिजेसाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, करू नका: त्यातला एकेक ठिपकाच साधारण ७५ ते ४०० मायक्रॉनचा असतो, वर किरणं अंगावर. काहीही निवडा, पण पुढच्या वर्षी तीच पद्धत आणि जमलं तर तेच मशिन.

स्कॅनआधी दात साफ करून घ्या. कीटण आणि मिश्रीचा थर तसाच राहिला, तर पुढच्या वेळी सफाईनंतर तेवढी ‘झीज’ दिसेल. उलट झालं तर दात वाढल्यासारखा वाटेल! लाळही नीट पुसायला सांगा.

मग डॉक्टरांना एक विनंती करा, थोडी संकोचाची वाटली तरी: आजच, लगेच, दुसऱ्यांदा स्कॅन करा. दोन मिनिटांत दात झिजत नाहीत, म्हणून या दोन स्कॅनमध्ये जो फरक दिसेल ती निव्वळ मशिनची आणि हाताची चूक. तो आकडा लिहून ठेवा. वर्षानंतरचा फरक त्याच्या आत असेल तर झीज धरू नका. स्कॅनची त्रिमितीय आकाराची फाइलही (तिला एसटीएल म्हणतात) मागून घ्या आणि नावात तारीख घाला. क्लिनिकचा संगणक बदलला की जुन्या फाइली सापडत नाहीत.

खरी गोम पुढे आहे. दोन चादरी एकावर एक घालताना आधी कुठला काठ जुळवता, त्यावर बाकीचं ठरतं. इथेही तसंच. सॉफ्टवेअरला ‘तूच जुळव’ म्हटलं, तर ते झिजलेला भागही जुळवायला बघतं, फरक सगळीकडे पसरवतं आणि झीज कमी दाखवतं. म्हणून न झिजलेली बाजू निवडून तिच्यावर जुळवा, आणि एका वेळी एकच दात घ्या. दाढेला गालाकडची बाजू अनेकदा घेतात, पण मिश्री लावणाऱ्याच्या दातांना हिरडीजवळ तिथेच खाच पडते. त्यांच्यासाठी जिभेकडची बरी. वेअरकंपेअर हे फुकट सॉफ्टवेअर याच कामासाठी केलेलं आहे.

शेवटी दोन स्कॅनमधला फरक दाखवणारा रंगीत नकाशा येईल. लाल-निळा पाहून घाबरण्याआधी बाजूची पट्टी वाचा. पट्टीची मर्यादा बदलली की तोच दात भयानक किंवा ठणठणीत दिसतो. सर्वांत खोल बिंदूपेक्षा, एकाच दातावर किती घन मिलिमीटर गेलं हा आकडा जास्त भरवशाचा. तो आणि पहिल्या दिवशीच्या दोन स्कॅनमधल्या फरकाचा आकडा, दोन्ही एकाच कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.