बॉक्सवुड: झड लागण्याआधी झुडपाच्या आत हात घाला

पाऊस तोंडावर आला असेल, तर बॉक्सवुडचं, म्हणजे कुंपणाला लावतात त्या बारीक पानांच्या सदाहरित झुडपाचं, खत, नवी लागवड, आकार देणं सगळं राहू द्या. बाही वर करा आणि हात थेट झुडपाच्या आत, बुंध्यापर्यंत घाला. बोटांना ओला कुजका पाला लागला, आतल्या काड्या उघड्या असल्या आणि हिरवाई फक्त वरच्या चार बोटांत उरली असेल, तर पहिल्या मोठ्या झडीत हे झुडूप धोक्यात आहे असं धरूनच कामाला लागा.

दरवर्षी तेच बघतो. चेंडूसारखी गोल कापलेली, देखणी झुडपं, मालक खूश. मग चार-पाच दिवस ढग हटत नाहीत, रिमझिम थांबत नाही, आणि एका सकाळी खालच्या अंगाची पानं जमिनीवर पडलेली. पुढच्या आठवड्यात नुसते खराटे. मग औषधासाठी धावपळ होते. सगळे म्हणतात रोग एका रात्रीत आला. बहुतेक वेळा तो आत केव्हाच बसलेला असतो, कुणी आत डोकावलेलं नसतं.

हेज कात्रीने नुसती टोकं उडवली की प्रत्येक टोकातून दोन-तीन फुटवे येतात. तीन-चार वर्षांत बाहेर दाट कवच तयार होतं. आत ऊन पोचत नाही म्हणून आतली पानं गळतात, गळून बेचक्यांत अडकतात, आणि पाऊस थांबल्यावरही तिथली ओल हटत नाही. बॉक्सवुडच्या करप्याची बुरशी, कॅलोनेक्ट्रिया, अशाच जागेवर पोसते. तापमान १८ ते २५ अंश आणि पान सलग पाच-सहा तास ओलं, एवढ्यावर लागण होते. कडक ऊन पडलं की ती दबते, पण मरत नाही. गळलेल्या पानांत ती पाच वर्षंही तग धरते. म्हणजे गेल्या हंगामाचा पाला आत तसाच असेल, तर यंदाचं बी आपणच जपून ठेवलंय.

हा करपा पहिल्यांदा १९९४ मध्ये इंग्लंडमध्ये दिसला आणि २०११ मध्ये अमेरिकेत आढळला. त्याचे बीजाणू चिकट असतात, वाऱ्यावर फार लांब जात नाहीत. ते जातात पाण्याच्या शिंतोड्याने, कात्रीच्या पात्यावरून, ओल्या बाहीवरून, आणि सर्वांत जास्त नव्या विकत आणलेल्या रोपाबरोबर. म्हणून झुडूप ओलं असताना त्याला हात लावायचा नाही आणि नवं रोप निदान महिनाभर जुन्यांपासून लांब ठेवायचं.

ओळख अशी: पानावर तपकिरी गोल डाग, कडा गडद. कोवळ्या काडीवर काळे लांबट ओरखडे. पानगळ खालून वर. काडीवरचा काळा ओरखडा हीच पक्की खूण समजा. पानं काडीलाच धरून गवती रंगाची झाली आणि त्यांच्या मागे गुलाबीसर भुकटी दिसली, तर ती दुसरी बुरशी, व्होल्युटेला. ती सहसा आधीच अशक्त झालेल्या किंवा जखम झालेल्या फांदीवर येते. तिथे उपाय सोपा, मेलेली फांदी काढा आणि आत वारा खेळू द्या.

आता मुख्य काम, काडीवर काळे ओरखडे नसतील तरच. कोरडा दिवस बघा, दव उतरल्यावर सुरू करा. आधी झुडूप दोन्ही हातांनी हलवून आतला पाला खाली पाडा. जो पडत नाही तो बोटांनी ओढा. बुंध्याशी साचलेला थर हाताने गोळा करून पिशवीत भरा. हा पाला कंपोस्टात टाकायचा नाही. मग विरळणी. बाहेरची एक फांदी धरा, आत वीतभर जाऊन तिच्या फाट्याशी कापा किंवा हाताने मोडा, बॉक्सवुडची काडी कडक असते, सहज तुटते. एक फांदी काढली की मुठीएवढं भोक पडेल. असं सगळीकडे थोडं थोडं करा. एका खेपेला झुडपाचा दहावा भाग निघाला तरी पुष्कळ, एकदम बोडकं केलं तर उघडी पडलेली आतली फांदी उन्हाने भाजते. भोकं बघून घरचे बोलतील. बोलू द्या, पुढच्या बहरात ती भरतात आणि आतल्या काड्यांवर नवी पानं धरतात.

किती विरळ करायचं याचा माझा ठोकताळा: भर दुपारी वरून बघितलं की बुंध्याशी उन्हाचे चार कवडसे दिसले पाहिजेत. याला पुस्तकाचा आधार मागू नका. आणखी एक, छपराचं पाणी ज्यावर गळतं ते झुडूप ओळीत सर्वांत आधी जातं, असं मी इतक्यांदा पाहिलंय की आता तिथूनच तपासायला सुरुवात करतो.

एका झुडपावरून दुसऱ्यावर जाताना कात्रीचं पातं आधी घासून चीक काढा, मग ७० टक्के अल्कोहोलने पुसा. हे काम सगळे टाळतात.

फवारणीबद्दल. बुरशीनाशक पान वाचवतं, रोगी पान बरं करत नाही. मॅन्कोझेब ७५ टक्के भुकटी २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात, चिकटद्रव्य घालून, झड लागण्याआधी, पानांच्या खालून आणि आतून. ओल टिकून राहिली तर १० ते १४ दिवसांनी पुन्हा. तुमच्याकडे या झाडासाठी ते वापरायला परवानगी आहे का आणि डब्यावर काय प्रमाण दिलंय ते आधी वाचा. फरक असेल तर डब्यावरचं खरं. हातमोजे आणि तोंडावर मास्क हवाच. पण कवच बंद असेल तर औषध आत पोचतच नाही, बाहेरची पानं धुतली जातात इतकंच. विरळणी न करता फवारा मारणं म्हणजे दार लावून घर झाडणं.

आणि दुकानात गेलात की पिवळ्या पानांवर टॉनिक, संजीवक, सूक्ष्मअन्नद्रव्याची महागडी बाटली पुढे केली जाईल. घेऊ नका. पानं पिवळी किंवा नारिंगी पडली की आधी बुंध्याजवळची माती उकरून बघा. रोप खोल गेलंय का, पाणी साचतंय का, मुळं तपकिरी होऊन साल निसटतेय का? मुळकूज असेल तर बाटलीतलं काहीही त्या मुळांना परत आणत नाही. पाण्याला वाट करून द्या.

नेहमीची कामं:
– जमीन निचऱ्याची, सामू (pH) ६.५ ते ७.२
– मुळांचा गड्डा जमिनीपेक्षा २-३ सेंमी वर राहील अशी लागवड
– आच्छादन ५ सेंमी, बुंध्याला चिकटवू नये
– मुळं उथळ, म्हणून खोल खुरपणी नाही
– पाणी सकाळी, बुडाशी, आठवड्यातून एकदा भरपूर. पानांवर तुषार नकोत
– खत म्हणून कुजलेलं कंपोस्ट पुरे
– नवी रोपं हवीत तर १० सेंमीची अर्धपक्व काडी, खालची पानं काढून वाळूत

अळीचं वेगळं सांगतो, कारण तीही आतूनच सुरू होते. बॉक्सवुडचा पतंग मूळ पूर्व आशियातला, २००७ च्या सुमारास युरोपात पोचला. हिरवी-पिवळी अळी, अंगावर काळे पट्टे, डोकं काळं. आत जाळी विणून पानं खाते, पानं संपली की साल कुरतडते. सकाळी दव पडलेलं असताना जाळी चमकते, तेव्हा बघा. थोड्या असतील तर वेचून साबणाच्या पाण्यात टाका. जास्त असतील तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी या अळी मारणाऱ्या जिवाणूचं औषध, लेबलवरच्या प्रमाणात, संध्याकाळी, अळ्या लहान असतानाच. मोठ्या अळीवर ते फारसं चालत नाही.

काडीवर काळे ओरखडे दिसलेच, तर विरळणी करत बसू नका, रोग सगळीकडे पसराल. कोरड्या दिवशी झुडपावर मोठी पिशवी चढवा, आतल्या आत कापा, मुळासकट काढा, वरची माती आणि पाला खरवडून पिशवीत बांधून टाका. कपडे लगेच धुवायला टाका. त्या जागी निदान पाच वर्षं बॉक्सवुड नको.

निरोगी झुडपाचा छाटलेला हिरवा पालाही गुरांपुढे किंवा घोड्यांपुढे पडू देऊ नका. तो विषारी असतो.