तान्ह्या पोळ्यासाठी रद्दीतून घडवलेला नंदी

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, नागपुरात लाकडी नंदी मिरवण्याची रीत आहे; तरीही घरच्या रद्दीतून, मुलांच्या हातून घडलेला नंदी त्या रांगेत मुळीच उणा दिसत नाही. अडचण असते ती वाळवण्याची. पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतो आणि तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यातच कागदाचे काम बहुधा बिघडते ते आतला ओलावा जाण्याआधीच पुढचा थर चढवल्यामुळे. म्हणून सणाच्या किमान तीन आठवडे आधी काम हाती घ्यावे. ज्यांना जमेल त्यांनी सांगाडा आणि पहिले थर मे महिन्यातच उरकून ठेवावेत, हे उत्तम.

सांगाड्यासाठी जुन्या खोक्याचा पुठ्ठा, चुरगाळलेले वर्तमानपत्र आणि मास्किंग टेप पुरेसे होते. धडासाठी कागदाचा घट्ट बोळा करावा, पायांसाठी पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या वळाव्यात आणि शिंगांमध्ये तार घालावी, कारण मुलांच्या हातून सर्वांत आधी शिंगेच मोडतात. पोट गोलसर यावे म्हणून काही जण आत फुगा वापरतात. मात्र फुग्यावर केलेले काम उन्हात ठेवू नये. आतली हवा तापून फुगते, ओला कागद ताणला जाऊन फाटतो, आणि सायंकाळी हवा आकसली की पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात.

खळ घरीच करावी. एक वाटी मैदा तितक्याच थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, चार वाट्या उकळत्या पाण्यात हळूहळू ओतावा आणि मंद आचेवर सतत ढवळत राहावे. पांढरटपणा जाऊन खळीला चकाकी आली की ती शिजली. उतरवल्यावर त्यात चमचाभर मीठ आणि दोन-तीन चमचे फेविकॉल घालावे. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, परंतु मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या वस्तूत ते अजिबात नको. पावसाळ्यात ही खळ दोन दिवसांतच आंबते, तेव्हा लागेल तेवढीच शिजवावी.

कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. फाटलेल्या कडेचे तंतू मोकळे राहतात आणि शेजारच्या पट्टीत मिसळून जातात. कापलेली कड मात्र रंगाखालूनही रेषेसारखी उठून दिसते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, ते आधी पाहून घ्यावे आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या काढाव्यात. गुळगुळीत मासिकांचा कागद खळ शोषत नाही, म्हणून तो टाळावा. पट्टी खळीत बुडवून दोन बोटांच्या चिमटीतून निथळून घ्यावी आणि आधीच्या पट्टीवर आडवी येईल अशी चिकटवावी. एक थर साध्या वर्तमानपत्राचा आणि पुढचा गुलाबी अर्थविषयक वर्तमानपत्राचा दिल्यास कोणती जागा सुटली ते लगेच कळते. असे पाच-सहा थर द्यावेत, पण दर दोन थरांनंतर काम थांबवून वाळवावे.

वशिंड, नाकपुड्या, डोळ्यांच्या कडा असे उठाव पट्ट्यांनी नीट साधत नाहीत. तेथे लगदाच हवा. अंड्यांचे ट्रे यासाठी वर्तमानपत्रापेक्षा सरस ठरतात. ते तुकडे करून रात्रभर भिजवावेत, भरपूर पाण्यासह जुन्या मिक्सरमधून काढावेत आणि फडक्यात पिळावेत. पिळलेल्या लगद्यात फेविकॉल, थोडी खळ आणि खडूची भुकटी घालून कणकेसारखे मळावे. जुन्या घरांत लगद्याच्या टोपल्या करताना भिजवून वाटलेली मेथी आणि मुलतानी माती घालत असत. त्याने चिकटपणाही येतो आणि कीडही दूर राहते. लगदा वाळताना आकसतो, म्हणून एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरहून जाड थर लावू नये.

आता वाळवणे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो तेव्हा थेट उन्हात ठेवलेल्या कामाची वरची साल झटकन वाळते, आतला भाग ओलाच राहतो आणि भेगा पडतात. म्हणून सावलीत, हवेशीर जागी ठेवावे. कूलरच्या झोतात ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ती हवा दमट असते. ऑगस्टमध्ये छताच्या पंख्याखाली जाळीवर ठेवून बाजू पालटत राहावे. वस्तू गालाला लावून पाहावी: गार लागली तर आत अजून पाणी आहे.

पूर्ण वाळलेला नंदी आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासावा, त्यावर पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्यावेत आणि ॲक्रिलिक रंगांनी रंगवावा. झूल, मठाटी (कपाळावरचा साज) आणि घुंगरू रंगानेच काढण्यापेक्षा कापडाचे व खरे लावले तर शोभा वाढते. पाटाला चाके लावून नंदी त्यावर पक्का बसवावा, आणि वॉर्निशचा शेवटचा हात पोटाखाली व खुरांनाही द्यावा, कारण मिरवताना पावसाची सर आली तर पाणी तेथूनच आत शिरते.

सण झाल्यावर नंदी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. सुती कापडात गुंडाळून, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह उंच फळीवर ठेवावा.